बाकावर ऊन येतं

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोकरी सोडली. ‘सोडली’ असं लिहिते आहे, कारण वही माझी आहे आणि क्रियापद निवडायचा हक्कही माझा. एजन्सीतल्या साहेबांनी वेगळं क्रियापद वापरलं होतं.

तर आजपासून मी स्वतंत्र. जाहिरातीचा मजकूर लिहून देणे, हा धंदा. इतकी वर्षं फरशी पुसायच्या द्रवावर, गुडघ्याच्या मलमावर आणि गच्चीची गळती थांबवणाऱ्या रंगावर लिहिलं. आता मनासारखी कामं घेईन. हाताखालच्या नव्या मुलींना मी नेहमी सांगायचे, की दिवसभर दुसऱ्याचा माल विकणाऱ्या बाईने रोज थोडं तरी असं लिहावं ज्यात काही विकायचं नाही. नाहीतर एक दिवस भावाला पत्र लिहायला बसाल आणि शेवटी ‘आजच संपर्क साधा’ लिहून मोकळ्या व्हाल. त्यांना सांगितलं, स्वतः कधी केलं नाही. म्हणून ही वही.

ऑफिस म्हणजे जेवणाचं टेबल. एका टोकाला माझा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला बाबा. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच असतात. लिफ्ट तपासनीस होते. गावातल्या निम्म्या लिफ्टमध्ये त्यांच्या सहीचा दाखला लागलेला असायचा, आणि त्यातल्या प्रत्येक लिफ्टची एक गोष्ट आहे. आज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टची निघाली, ती दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि आत नेमका लिफ्ट दुरुस्त करणारा होता ती. माझी ऐकून झाली आहे. नवऱ्याचीही. लेक तर शेवट आधीच सांगून टाकते. मी हेडफोन लावले. गाणं वगैरे काही लावलं नव्हतं, नुसते लावले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक. शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी निवास काढलाय. मालक गोरेगोमटे, आणि प्रत्येक वाक्याला आधी मधाचं बोट लावून मग बोलणारे. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मधाळ ठेवलं.

“मॅडम, वृद्धाश्रम हा शब्दच आपल्याला नको. आपण एक कुटुंब आहोत.”

“किती जण आहेत कुटुंबात?”

“सध्या निम्म्या खोल्या रिकाम्या आहेत.”

निवासाचं नाव त्यांनी ‘सूर्यास्त’ ठेवलंय. फाटकावर पाटीही लागली आहे. मी म्हटलं, साहेब, स्वतःचा सूर्यास्त बघायला कोण सामान घेऊन येईल? ते विचारात पडले. नाव बायकोने सुचवलेलं निघालं, त्यामुळे अडचण होती. पण शेवटी माझ्या ‘निवांत’वर तयार झाले.

जुनं माहितीपत्रक दाखवलं. ‘निसर्गरम्य परिसरात, अत्याधुनिक सुविधांनी परिपूर्ण, मायेच्या ओलाव्याने भारलेली, ज्येष्ठांच्या सन्मानपूर्वक जीवनासाठी कटिबद्ध...’ वाचताना मला धाप लागली. त्यावरून एकही चौकशी आली नव्हती यात नवल नाही. अशा वाक्यात शिरलेला माणूस बाहेर पडेपर्यंत कशासाठी आत आलो होतो तेच विसरतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

माझी पद्धत साधी आहे. एका वाक्यात एक गोष्ट. विशेषण दिसलं की काढून बघायचं. वाक्य कोसळलं तर समजायचं, आत काही नव्हतंच. आणि डोळ्यांना दिसेल असं लिहायचं. ‘प्रशस्त खोली’ कुणाला दिसत नाही. खुर्ची दिसते.

मधाळांना फोन लावला.

“खोल्या मोठ्या आहेत का?”

“मॅडम, मन मोठं पाहिजे.”

“घरून आणलेली एखादी खुर्ची मावेल?”

“का नाही मावणार?”

“बाग आहे?”

“करायचीय. मागे जागा पडून आहे.”

“बाक?”

“बाग झाली की बाक येतोच ना.”

“डॉक्टर रोज येतात?”

“बोलावलं की येतात. रोज बोलावलं तर रोज येतील.”

एवढी माहिती पुष्कळ झाली. दुपारपर्यंत मजकूर तयार:

‘सकाळी चहा येतो. उठायची घाई नाही, चहा थांबतो.

घरची खुर्ची घेऊन या. तिच्यासाठी जागा ठेवली आहे.

मागे बाग आहे. बागेत बाक आहे. बाकावर ऊन येतं.

डॉक्टर रोज येतात, आणि बसून बोलतात.

इथे तुमचं बोलणं ऐकायला कुणीतरी असतं.’

शेवटच्या वाक्याशी मी स्वतःच थांबले. बाकीच्यांसाठी मधाळांना विचारावं लागलं, हे आपसूक आलं. कुठून आलं कोण जाणे. समोर बाबा काहीतरी सांगत होते, बहुधा गिरणीतल्या मालाच्या लिफ्टचं. वाक्य निसटू नये म्हणून मी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि पटकन टाइप केलं.

नवरा म्हणाला, “अगं, लिहिण्याआधी एकदा जाऊन बघून यायचं नाही का?” त्याला काय सांगणार? जागा बघितली की माणूस तपशिलात अडकतो. मजकूर लिहिणाऱ्याने वाचकाच्या जागेवरून बघावं, आणि वाचकाने तरी ती जागा कुठे पाहिलेली असते?

रविवार, १६ फेब्रुवारी

पत्रक छापून आलं. कागद जाड, अक्षर मोठं, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. लेक म्हणाली, “मी पण जाऊ का तिथे?” नवऱ्याने दाद दिली. बाबांनी पत्रक मागून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, बोट ठेवून, लिफ्टचा दाखला वाचायचे तसं.

“हे सगळं तू लिहिलंस?”

“हो.”

“आणि आहे ना हे असं?”

“बाबा, मी खोटं लिहीत नाही.” हे खरंच आहे. मी लिहिते ते होणारच असतं, फक्त काळ बदललेला असतो.

रात्रीचं आवरताना नवऱ्याशी ऑफिसचा विषय निघाला. मी म्हटलं, टेबलावर माझं काम होत नाही. सतत कुणीतरी बोलत असतं. मला एक खोली हवी, दार लावून घेता येईल अशी. तो म्हणाला, “खोली आणायची कुठून? तीनच आहेत.” मी म्हटलं, तेच तर. मग दोघंही थोडा वेळ भांडी पुसत राहिलो.

बैठकीत आले तर टीव्हीचा आवाज पूर्ण बंद, चित्रं नुसती हलत होती. बाबांना बसल्या बसल्या डुलकी लागली असावी. डोळे मिटलेले होते, चष्मा मात्र तसाच.

सोमवार, १७ फेब्रुवारी

विश्वास बसणार नाही. सकाळी चहाच्या वेळी बाबा म्हणाले, “मी त्या निवांतात जाऊन राहीन म्हणतो.”

मला आधी चेष्टा वाटली. पण त्यांनी पत्रक घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलेलं होतं. “बाक आहे, ऊन येतं. ठीक वाटतं.”

मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. काही कमी पडतं का, कुणी काही बोललं का. “नाही गं, कोण काय बोलणार?” असंच म्हणाले. म्हणजे निव्वळ मजकुराचा परिणाम. आयुष्यभर प्रत्येक तारेवर, प्रत्येक बोल्टवर संशय घेणारा माणूस, आणि पाच ओळींत पटला. एजन्सीतल्या साहेबांना हे कळवायला हवं.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो विचित्र बघत राहिला. म्हणाला, “अगं, गिऱ्हाईक नाहीत ते. वडील आहेत तुझे.”

“म्हणूनच तर,” मी म्हटलं. “आपल्या माणसाला पटवणं सगळ्यांत अवघड.”

मंगळवार, ४ मार्च

बाबांना पोचवून आले. निवास मीही पहिल्यांदाच पाहिला. पाटी बदललीय, तिच्याखाली जुन्या पाटीतला ‘सू’ अजून डोकावतो. इमारत बरी आहे. मदतनीस बाई कामाला वाघ दिसतात. मागे बागेची जागा आहे, त्यात सध्या जनरेटर आहे आणि प्लास्टिकच्या दोन कुंड्या. एकीत काहीतरी हिरवं आहे.

खुर्चीने घोटाळा केला. बाबांची लाकडी आरामखुर्ची दारातून आत जाईना. आडवी केली, उभी केली, पाय आधी घातले, पाठ आधी घातली. टेंपोवाला घामाघूम. मधाळ लांबूनच म्हणाले, “जागा आत आहे मॅडम, दाराचं आपण काही म्हटलं नव्हतं.” मला त्यांचा हा मुद्दा आवडला, कामाला येईल.

शेवटी बाबा म्हणाले, “राहू दे इथेच,” आणि कॉरिडॉरमध्येच भिंतीला लावून खुर्चीत बसले. जाणाऱ्या-येणाऱ्याला वळसा घालून जावं लागत होतं. मी निघाले तेव्हा तिथेच होते. हात हलवला. “गाडी नीट चालव,” एवढंच म्हणाले.

परत येताना रडू आलं. हे स्वाभाविक आहे, मोठा बदल आहे. घरी आल्यावर बाबांच्या खोलीत टेबल लावलं. उजेड छान येतो. आधी लक्षातच आलं नव्हतं.

रविवार, ९ मार्च

नव्या ऑफिसात पहिला आठवडा. दार लावलं की एकदम शांत. इतकं, की दोनदा उठून बाहेर काही झालंय का बघून आले. काम फारसं झालं नाही, पण ती जागेची सवय.

दुपारी बाबांकडे. खुर्ची अजून कॉरिडॉरमध्येच, आणि आता तिच्या आजूबाजूला प्लास्टिकच्या तीन-चार खुर्च्या. वळसा घालावा लागतो म्हणून लोक थांबतात, थांबले की बसतात. समोरच्या खोलीत एक बाई असतात, आयुष्यभर कपडे शिवून चार मुलं वाढवलेल्या. सगळे त्यांना शिंपीणबाई म्हणतात. दार सताड उघडं ठेवून कॉटवर बसतात आणि बाबांच्या तोंडाकडे टक लावून बघतात. बाबा त्यांना हॉस्पिटलची लिफ्ट सांगत होते.

मदतनीस बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “त्यांना ऐकू येत नाही हो फारसं. अगदी कानाशी गेलं तरच.”

मला हसू आवरेना. ‘तुमचं बोलणं ऐकायला कुणीतरी असतं’, आणि असलेलं माणूस बहिरं. पण मी बाबांना काही बोलले नाही. कशाला त्यांचा हिरमोड करायचा?

गुरुवार, २० मार्च

मधाळांचा फोन. आवाजातला मध पार आटलेला.

“मॅडम, तुमचा मजकूर फारच स्पष्ट झालाय.”

मी आभार मानले.

“आभार कसले मानताय? तुमचे वडील रोज सकाळी चहाला ते पत्रक काढतात आणि मोठ्याने वाचतात. एकेक ओळ. मग सगळे मिळून बघतात, आहे की नाही. काल डॉक्टर आले तर त्यांच्यासमोर खुर्ची ठेवली आणि म्हणाले, ‘बसा. लिहिलंय.’”

“बसले का?”

“बसावं लागलं हो. पाऊण तास गेला. आता ते म्हणतात, मी येणारच नाही. परवा चहा उचलून नेला तर एक आजोबा मदतनीस बाईंच्या मागे स्वयंपाकघरापर्यंत गेले. चहा थांबतो म्हणे. आणि बागेचं तर विचारूच नका. जनरेटरकडे तोंड करून सगळे उभे राहतात.”

“मग आता?”

“एक स्पष्टीकरण काढू या. तुम्हीच लिहा. असं लिहा की...” थोडे अडखळले. “लिहिलंय असं वाटलं पाहिजे, पण धरायला काही सापडता कामा नये.”

नाही म्हणणार होते. पण त्यांनी दुसऱ्या निवासाचं सांगितलं. डोंगराजवळ काढतायत, त्याचं सगळं काम मलाच. आणि तसं बघितलं तर हेही लेखनकौशल्यच आहे.

शनिवार, २२ मार्च

दोन दिवस झाले, पानभर मजकूर होत नाही. इतकी वर्षं विशेषणं उपटून काढण्यात गेली, आता लावायची म्हटली तर हात वळत नाही. ‘बाग नाही’ हे लपवायला किती शब्द लागतात. जुनं माहितीपत्रक काढून वाचलं. त्या माणसाबद्दल आता आदर वाटतो, कोण होता कुणास ठाऊक.

शेवटी ‘उपलब्धतेनुसार’ सापडला आणि गाडी धावायला लागली. मग ‘शक्यतो’ आला, ‘टप्प्याटप्प्याने’ आला, एकामागून एक, लग्नाला बोलावल्यासारखे. संध्याकाळपर्यंत पान भरलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “छान आहे. कशाबद्दल आहे?” म्हणजे जमलं.

रविवार, २३ मार्च

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

मधाळांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. मला म्हणाले, तुम्हीच वाचा, तुमच्या तोंडून गोड वाटेल. एका मुलाने आपल्या आईला निवास दाखवायला आणलं होतं. ते दोघं दाराशी उभे, आईच्या हातात माझं पत्रक. पुढच्या रांगेत बाबा आणि शिंपीणबाई. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. मी आले तेव्हा माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतात तशी.

मी वाचायला लागले. “आसनव्यवस्था खोलीच्या उपलब्ध आकारमानानुसार करण्यात येईल.”

शिंपीणबाईंनी बाबांच्या बाहीला हात लावला. “काय म्हणते ती?”

बाबा वाकून त्यांच्या कानाशी, पण अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, “खुर्ची मावणार नाही.”

मागे कुणीतरी हसलं. मी पुढे गेले. “हरित परिसराचा विकास टप्प्याटप्प्याने प्रस्तावित आहे.”

“काय म्हणते?”

“बाग नाही.”

“वैद्यकीय मार्गदर्शन आवश्यकतेनुसार व शक्यतो नियमितपणे उपलब्ध राहील.”

“डॉक्टर आले तर आले.”

“प्रातःकालीन पेयाचे वितरण निर्धारित वेळेच्या मर्यादेत...”

“चहा थांबणार नाही.”

आता सगळेच हसत होते. माझ्या प्रत्येक ओळीनंतर लोक माझ्याकडे न बघता बाबांकडे बघायचे. त्यांची वाक्यं दोन-दोन, तीन-तीन शब्दांची, सगळ्यांना कळणारी. धंद्याच्या नजरेने बघितलं तर चूक काढायला जागा नव्हती. माझे कान मात्र तापले होते. आपलेच दात, आपलेच ओठ.

शेवटचं कलम राहिलं होतं. “परस्परसंवादास पोषक वातावरण राखण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करण्यात येईल.”

“काय म्हणते?” शिंपीणबाईंनी विचारलं.

बाबांनी या वेळी आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “ते राहू दे. ते आपलं आपण बघतो.”

तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या आईने पत्रक मुलापुढे धरलं आणि म्हणाली, “इथे तर बाग आहे लिहिलंय. बाक पण.” मुलगा मधाळांकडे बघायला लागला. मधाळांचा चेहरा क्षणात कसा पालटला ते बघण्यासारखं होतं. “आहे ना, आई,” ते म्हणाले. “बाक वाटेतच आहे. जनरेटर उद्या पलीकडे हलतोय. विचारा ना या सगळ्यांना.” आणि सगळे हो म्हणाले, एका सुरात. बाबाही. माझ्या हातातला कागद मधाळांनी हळूच काढून घेतला.

नंतर कॉरिडॉरमध्ये बाबांशेजारी बसले.

“चिडलात का माझ्यावर?”

“कशाला? तुझं काम आहे ते.” मग म्हणाले, “आधीचं चांगलं होतं.”

“ते खरं नव्हतं, बाबा.”

“माहीत आहे. तू इथे एकदाही आली नव्हतीस. दिवसभर टेबलाशी तर बसलेली असायचीस, मी समोरच होतो.”

मग आलात कशाला, असं विचारणार होते. पण मधाळांनी हाक मारली, त्यांना डोंगराजवळच्या कामाचं बोलायचं होतं.

शनिवार, ५ एप्रिल

बाक आला. जनरेटर भिंतीपलीकडे गेला. खोलीच्या दाराची चौकट काढून खुर्ची आत नेऊ असंही मधाळ म्हणाले, पण बाबाच नको म्हणाले. डॉक्टर रोज येत नाहीत, आले की बसतात मात्र. दाराशी उभी असलेली ती आई राहायला आली, तिच्यामागून आणखी दोघं. मधाळांचा मध पुन्हा ओसंडतो आहे. सगळीकडे सांगत फिरतात, आम्ही लिहितो ते करतो.

आता त्यांना पत्रकात एका रहिवाशाचे चार शब्द हवेत. “तुमच्या वडिलांचेच घेऊ, मॅडम. त्यांच्या शब्दाला वजन आहे.” दोन आठवड्यांपूर्वी हेच वजन त्यांना उचलवत नव्हतं.

रविवार, ६ एप्रिल

बाबांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून आणलं. शेजारी शिंपीणबाई बसल्या होत्या, बाबांच्या शर्टाचं बटण लावत. मी नेहमीचे प्रश्न विचारले. चहा कसा, जेवण कसं. “बरं आहे,” “ठीक आहे.” लोकांना ‘बरं’ आणि ‘ठीक’ छापून चालत नाही. म्हणून शेवटी सरळच विचारलं, “बाबा, तुम्ही इथे का आलात?”

त्यांनी विचार केला. मग म्हणाले ते जसंच्या तसं उतरवते:

“घरी माणसं होती. बोलायला कुणी नव्हतं. मुलीला खोली हवी होती. म्हणून आलो. या बाईंना ऐकू येत नाही, पण मी बोलतो तेव्हा त्या माझ्याकडे बघतात.”

मी म्हटलं, “वा, छान.” आणि रेकॉर्डिंग बंद केलं.

घरी येऊन पुन्हा ऐकलं. एकही विशेषण नाही. एका वाक्यात एक गोष्ट. मी इतक्या मुलींना शिकवलं, पण असं कुणाला साधलं नाही. खोलीचं त्यांना कुणी सांगितलं ते मात्र कळत नाही. नवऱ्याला विचारलं. “मी नाही,” तो म्हणाला, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी मला लवकर उठव, काम आहे.

सोमवार, १४ एप्रिल

बाबांचं म्हणणं बसवते आहे. रेकॉर्डिंग बऱ्याच वेळा ऐकावं लागलं. शब्द तपासायला.

‘मुलीला खोली हवी होती’ काढलं. वाचणाऱ्याला संदर्भ लागणार नाही. ‘ऐकू येत नाही’ काढलं. निवासाच्या पत्रकात आजाराचा उल्लेख बरा नाही. ‘घरी माणसं होती, बोलायला कुणी नव्हतं’ हे सगळ्यांत जोरकस, पण पत्रक वाचतात ती मुलं आणि सुना. त्यांना वाईट वाटून कसं चालेल? निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो. ते काढलं. मग परत घातलं. मग काढलं. जेवणाची वेळ टळून गेली, लेकीने दारावर टकटक केली तेव्हा कळलं.

उरलं एवढं: ‘इथे मी बोलतो तेव्हा माझ्याकडे बघणारं माणूस आहे.’

मधाळांना पाठवलं. लगेच उत्तर आलं: फार सुंदर, फक्त ‘मायेने बघणारं’ करा. मी कडाडून विरोध केला. म्हटलं, हे माझ्या वडिलांचे शब्द आहेत, त्यात मी कुणाला एक अक्षर घुसवू देणार नाही. शेवटी त्यांनी ऐकलं. तत्त्वाचा प्रश्न होता.

रविवार, २० एप्रिल

नवं पत्रक आलं. बाबांचा फोटो चांगला आलाय, इस्त्रीच्या शर्टातला. ओळ वाचून दाखवावी म्हणून त्यांना फोन केला. मदतनीस बाईंनी उचलला.

“ते बोलतायत. नंतर कराल का?”

“मी त्यांची मुलगी बोलते आहे.”

“हो, ओळखला आवाज. पण गोष्ट अर्ध्यात आहे. नवीन आलेल्या आजींना सांगतायत, सगळे बसलेत. आत्ता उठवलं तर माझ्यावरच ओरडतील.”

त्यांना कुणीतरी हाक मारली. त्या फोन न ठेवताच गेल्या, त्यामुळे मला मागचं ऐकू येत होतं. बाबांचा आवाज. कुठल्यातरी लिफ्टमध्ये दोन माणसं आणि एक कपाट अडकलं होतं, आणि कपाटात कुणीतरी होतं. ही मी कधी ऐकलेली नाही. मला वाटलं होतं, त्यांच्या सगळ्या गोष्टी माझ्या ऐकून झाल्या आहेत.

खोलीचं दार लावून घेतलं आणि फोन कानाला धरून बसले. कपाट कुणाचं होतं ते कळलं. आत कोण होतं ते यायच्या आधी बाई परत आल्या, आणि लाइन चालू आहे हे न बघता त्यांनी फोन ठेवून दिला.